साईट चालू, मार्केट बंद!

चार माणसं रोज एका खोलीत बसत असली, त्यांच्यात एखादं रुसणारं मशीन असलं आणि चहा द्यायला माझ्यासारखी कान उघडे ठेवणारी बाई असली, की किस्से कांद्याच्या सालींसारखे साठत जातात. रोज झाडून काढा, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात चार साली आहेतच! आमच्या हॉलमध्ये तर दोन्ही साठायचं. सालीही खऱ्या आणि किस्सेही खरे.

मी शाळेत गेले नाही. अक्षरं जुळवायला शिकले ती एसटीच्या पाट्यांवरून, तीही लग्न होऊन नाशकात आल्यावर. पण ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. कोण कुठे बसलं होतं, कोणाच्या बशीत बिस्किट उरलं होतं, सगळं तसंच्या तसं समोर येतं.

तर दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. पंचवटीत आमचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली पिठाची गिरणी. माझी सून वैशाली कॉम्प्युटर शिकलेली. माझं माहेर नामपूरचं, तिथे कांद्याचं मोठं मार्केट. एकदा एका लग्नाला तिला घेऊन गेले, तर ही बाई पंगत सोडून लिलाव बघत उभी! शेतकरी ट्रॉली भरून एका मार्केटला येतो, माल विकतो, आणि मग त्याला कळतं की शेजारच्या मार्केटला भाव जास्त होता. वैशाली मला म्हणाली, "आई, हे आधी कळायला पाहिजे. घरबसल्या."

परत आली, घरच्या हॉलमध्येच ऑफिस थाटलं आणि साईट काढली. नाव ठेवलं 'चाळभाव', कांदा साठवतात त्या चाळीवरून. लिलाव चालू असतानाच सगळ्या मार्केटांचे भाव त्यावर यायचे. सोबत ट्रॉलीचे फोटो, म्हणजे मद्रासचा नाहीतर कलकत्त्याचा व्यापारी तिकडे खुर्चीत बसून माल बघणार.

फोटो एक नाही हं! लिलावात व्यापारी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालतो आणि खालचा कांदा वर काढून बघतो. कारण वरचा कांदा सगळ्यांचाच देखणा असतो! म्हणून एक फोटो वरचा, एक खालचा, एक मधोमध कापलेल्या कांद्याचा. अशा शेकड्यांनी ट्रॉल्या. साईट जड झाली ती इथे.

आता ही साईट ठेवायची कुठे? तिला सतत चालू राहणारं मशीन लागतं, त्याला सर्व्हर म्हणतात, आणि त्यावरच्या भाड्याच्या जागेला होस्टिंग. वैशालीने मला एका वाक्यात समजावलं, "आई, आपला कांदा दुसऱ्याच्या चाळीत भाड्याने ठेवायचा." झालं, मला कळलं! चाळ चुकीची निवडली की कांदा सडतो.

आणि आमच्या घरात नुसता कांदा सडणार नव्हता. साईट सारखी पडायला लागली, तेव्हा पुण्याच्या एका कंपनीने वैशालीला नोकरी देऊ केली. माझा मुलगा प्रकाश सातपूरच्या कारखान्यात, त्याला चिंचवडला बदली मिळत होती. वैशालीने सांगून टाकलं, "या उन्हाळ कांद्याच्या हंगामातही साईट पडली, तर ऑफिस बंद. आम्ही पुण्याला जाऊ." आम्ही म्हणजे ती, प्रकाश आणि माझी नात चिन्नू. मी कुठली जाते पुण्याला! तिथे मी कोणाशी भांडू?

म्हणजे साईट पडली की माझं घर रिकामं. तेव्हापासून सर्व्हर या प्राण्याकडे माझं जरा जास्तच लक्ष लागलं. पण त्याच्याशी ओळख जुनी होती, तिथूनच सांगते.

* * *

पहिलं मशीन आम्ही घरातच ठेवलं होतं. हॉलच्या कोपऱ्यात, नुसता घुर्रघुर्र करणारा डबा. तो सांभाळायला मकरंद, नुकताच इंजिनिअर झालेला, प्रत्येक गोष्टीचा आनंद होणारा मुलगा. मला म्हणाला, "काकू, आपलं स्वतःचं डेटा सेंटर आहे! नाशकात कोणाकडे नाही!"

आठ-पंधरा दिवसांत डबा तापून बंद पडला. मकरंदने झाकण उघडलं आणि गप्प झाला. मकरंद गप्प म्हणजे काहीतरी भयंकर, म्हणून मी डोकावले. आत सगळं पांढरं-करडं! डब्याच्या पंख्याने खालच्या गिरणीचं पीठ ओढून ओढून पोटात भरून घेतलं होतं.

वैशालीने कपाळावर हात मारला. मी आत बोट फिरवलं, बघितलं, म्हटलं,

"बाजरी आहे. एक भाकरी सहज होईल!"

* * *

पिठावर जाळी बसवली, तर लोडशेडिंग आलं. पंचवटीची लाईट जायची नेमकी सकाळी, लिलावाच्या टायमाला. इन्व्हर्टर होता, पण तो मध्येच मान टाकायचा. मकरंदची मावशी नाशिकरोडला राहायची, तिच्याकडे लाईट दुपारी जायची. मग काय! रोज सकाळी मकरंद सर्व्हर स्कूटरवर बांधून मावशीकडे न्यायचा, तिथे जोडायचा आणि दुपारी परत आणायचा. धक्के बसू नयेत म्हणून मी माझी गोधडी दिली होती. लोकांचं होस्टिंग अमेरिकेत, आमचं स्कूटरवर!

एके दिवशी वाटेवरच्या द्वारका चौकात, द्वारकेच्या सिग्नलला, हवालदाराने अडवलं. "काय आहे गोधडीत?"

"वेबसाईट आहे, साहेब."

"कसली?"

"कांद्याची."

हवालदाराने गोधडीला नाक लावलं! "वास तर येत नाही," म्हणाला. "सोड दोरी."

तेवढ्यात मकरंदचा मोबाईल वाजला. नामपूरहून माझा धाकटा भाऊ, नाना. आमचे तिकडचे फोटो आणि भाव तोच पाठवायचा. मार्केटच्या गोंगाटात राहून राहून त्याला हळू बोलायची सवयच नाही, त्यामुळे त्याची अहिराणी अख्ख्या सिग्नलला ऐकू गेली, "मार्केट चालू शे, साईट बंद शे! कुठे गई साईट?"

मकरंद रडकुंडीला येऊन ओरडला, "नाना, साईट द्वारकेच्या सिग्नलला उभी आहे! हवालदार सोडत नाहीत!"

हवालदाराचा चेहराच बदलला. म्हणाला, "चाळभाव का रे ही? माझा भाऊ सटाण्याला आहे, त्याचाही माल आहे आज." आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन त्याने हात वर केला, चारी बाजूंची वाहनं थांबवली आणि आमच्या सर्व्हरला वाट काढून दिली!

मोठमोठ्या कंपन्या म्हणतात ना, आमच्या साईटला ट्रॅफिक फार. आमच्या साईटसाठी ट्रॅफिक थांबवलंय!

* * *

मग एकदाची भाड्याची जागा घ्यायची ठरली. मकरंदने इंटरनेटवर शोधून काढली. स्वस्त, आणि वर लिहिलेलं 'अनलिमिटेड'! कितीही फोटो ठेवा, कितीही माणसं येऊ द्या. मकरंद खुर्चीत बसल्या बसल्या नाचत होता. "काकू, कितीही! लिमिटच नाही!" प्रकाशने पेढे आणले.

नाना त्या दिवशी नाशकातच होता. पेढा खाता खाता म्हणाला, "अक्का, हे अनलिमिटेडचं काही मला खरं वाटत नाही."

"का रे?"

मग त्याने सांगितलं. घोटीजवळ एका खानावळीवर पाटी होती, 'अनलिमिटेड थाळी'. नाना आणि त्याचे दोन मित्र कांद्याचा ट्रक पोचवून येत होते, सकाळपासून उपाशी. बसले. तिसऱ्यांदा भात मागितला तोवर मालक हसत होता. मग हसायचा थांबला. मग गल्ल्यावरून उठून टेबलाशी आला आणि हात जोडून म्हणाला, "दादा, पाटी साध्या माणसांसाठी आहे!"

आम्ही सगळे खूप हसलो.

चारच दिवसांनी उन्हाळ कांद्याची आवक वाढली. सकाळी दहाला लिलाव सुरू झाला आणि साईट गायब! कंपनीचं पत्र आलं, मकरंद वाचत होता, वैशाली मला सांगत होती. एकाच मशीनवर आमच्यासारखी खूप बिऱ्हाडं, आणि आम्ही एकट्यानेच सगळं मशीन दमवलं, म्हणून आम्हाला बाहेर काढलं. अनलिमिटेड होतं, पण ते साध्या वापरासाठी!

नानाला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "भात किती वेळा मागितला होता?"

* * *

दुसरी कंपनी बघितली. ही जरा बड्या घरची. त्यांचंही पत्र आलं आणि मकरंद ओरडला, "वहिनी, आपल्यावर हल्ला होतोय!"

कंपनीने लिहिलं होतं, तुमच्या साईटवर कोणीतरी ठरवून हल्ला करतंय. दिवसभर शांत असतं. सकाळी दहाच्या ठोक्याला एकदम हजारो ठिकाणांहून मारा सुरू होतो. एकच पान पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा मागतात. दुपारनंतर हल्लेखोर आपोआप निघून जातात. शिस्तबद्ध टोळी दिसते. काळजी नसावी, आम्ही त्यांचा बंदोबस्त केला आहे.

वैशालीने पत्र दोनदा वाचलं आणि हसावं की रडावं तिला कळेना. "अरे, हल्ला कसला! लिलाव सुरू होतो दहाला!"

भाव बदलला का, हे बघायला आमची माणसं पान नव्याने आणायचं बटण सारखं दाबत बसायची. एक हात बटणावर, दुसऱ्या हातात तंबाखू. त्यांना काय माहीत की ते टोळीत आहेत!

बंदोबस्त काय केला होता, तर नामपूरच्या सायबर कॅफेचं कनेक्शनच अडवलं होतं. गावातली निम्मी माणसं तिथेच साईट बघायची. आणि त्या हल्लेखोरांच्या म्होरक्याच्या खुर्चीत, रोज सकाळी, पहिल्या नंबरला, माझा सख्खा भाऊ!

* * *

मकरंदने शक्कल काढली. फोटो जड आहेत ना, मग ते दाबून हलके करू. दाबले. साईट पळायला लागली! वैशाली खूश, मकरंद खूश, मी दुधी हलवा केला.

दुपारी मद्रासकडच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. आमचा चांगला गिऱ्हाईक. त्याचं हिंदी तुटकं, वैशालीचं तामिळ शून्य. बोलता बोलता वैशालीचा चेहरा पडला. फोन ठेवून तिने साईट उघडली, फोटो मोठा केला, मला दाखवला. "आई, हे काय दिसतं?"

मी चष्मा पुसून बघितलं. माझा जन्म कांद्यात गेला. पण खरं ते सांगायला हवं होतं.

"बटाटे," मी म्हटलं.

तो बिचारा बटाट्याचा भाव विचारत होता!

* * *

आता पुढच्या वर्षीचा उन्हाळ कांदा तोंडावर आला. पुण्याच्या कंपनीचा फोन येऊन गेला, जॉइनिंगचं काय ते लवकर कळवा म्हणून. प्रकाश गुपचूप चिंचवडच्या शाळांची चौकशी करायला लागला. त्याला वाटायचं मला कळत नाही. चिन्नूने येऊन मला विचारलं, "आजी, पुण्यात गिरणी असते का?" मी उठून उगीच ओटा पुसला.

वैशालीने या वेळी मात्र नीट करायचं ठरवलं. मोठ्या मशीनचा वाटा भाड्याने देणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरी आला. टाय लावलेला, चांगला मुलगा. मी कांदेपोहे केले. वैशालीने त्याला एकच अट घातली, "गोड बोलू नका. आमच्या साईटची कॉपी तुमच्या मशीनवर ठेवा आणि सकाळी दहाला चालवून दाखवा. टिकली तर घेऊ."

"कधी दाखवू?"

"उद्याच या!" मकरंद म्हणाला. त्याला धीर कुठला!

दुसऱ्या दिवशी सगळे साडेनऊपासून हॉलमध्ये. नुसती कॉपी, म्हणून भाव कालचेच दिसत होते, पण मकरंदने फोटो मात्र भराभर जुन्यातले चढवले, मुद्दाम मशीनला त्रास द्यायला. सगळ्या गावांना रात्रीच मेसेज गेले होते, उद्या नव्या पत्त्यावर बघा. दहा वाजले. आम्ही स्क्रीनला डोळे लावून! साईट लोण्यासारखी! सव्वादहा, लोण्यासारखी! मकरंद टेबलावर बुक्क्या मारत होता, "हललीसुद्धा नाही! वहिनी, हललीसुद्धा नाही!" टायवाला मुलगा मान ताठ करून बसला. वैशालीच्या डोळ्यांत पाणी. मला म्हणाली, "आई, मिळाली हो चाळ." मी चिन्नूला कडेवर घेतलं, ती काय कडेवर घेण्याएवढी लहान राहिली नव्हती तरी!

तिथल्या तिथे सह्या झाल्या, वर्षभराचा करार झाला. टायवाला मुलगा दुसरी बशी पोहे खाऊन गेला.

आणि फोन वाजला. मीच घेतला.

"अक्का," नाना म्हणाला, "आज एकदम फास्ट चालू शे साईट!"

"हो ना! आता बघ तू! किती माणसं बघताहेत तिकडे?"

"माणसं? कुठली माणसं? साईट चालू शे, पन मार्केट बंद शे! आज अमावस शे ना!"

आमच्याकडे अमावास्येला कांद्याचा लिलाव होत नाही. तिकडची सगळी मार्केटं बंद, ट्रॉली हलत नाही, भाव निघत नाही. हे वैशालीला माहीत, मला तर जन्मापासून माहीत. मकरंदला दर महिन्याला सुट्टी त्याचीच मिळायची! आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. रिकाम्या मांडवात आम्ही स्वयंपाक पुरला म्हणून नाचत होतो!

मी फोन ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी नानाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. खालची गिरणीसुद्धा तेवढ्यात थांबली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी ते मशीन झोपलं.

* * *

वैशालीने प्रकाशला सांगितलं, आणखी एकच प्रयत्न. पुणेवाल्यांकडून तिने महिन्या-दीड महिन्याची मुदत मागून घेतली.

या वेळी तिने जागा निवडली ती अमेरिकेतली, आणि पूर्ण मशीन आपलं, कोणी शेजारी नाही. एक नाही, दोन घेतली. भाव एका मशीनवर, फोटो दुसऱ्यावर. ती म्हणाली, "फोटो उशिरा आला तर माणूस थांबतो, आई. भाव उशिरा आला तर शिव्या देतो." इतकी साधी गोष्ट, पण दोन वर्षांच्या शिव्या खाल्ल्यावर सुचली!

आता सामान हलवायचं कधी? हलवताना साईट दिवसभर बंद ठेवायला लागणार. रविवार म्हणावा तर कुठे ना कुठे मार्केट चालूच. सगळीकडे बंद असा दिवस एकच. पुढची अमावास्या.

प्रकाश उसळला. "अमावास्येला? अमावास्येला मी नवी चप्पल पायात घालत नाही, आणि तुम्ही एवढा पैसा ओतून नवं काम काढणार? आई, तू तरी सांग हिला!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगते, मी आयुष्यात अमावास्येला साधं लोणचं घातलेलं नाही. पण मला नामपूरचं मार्केट आठवलं. अमावास्येला तिथे लिलाव नसतो, पण सामसूम नसते. त्या दिवशी यार्ड झाडतात. वजनकाट्याची दुरुस्ती करतात. ट्रॉलीची चाकं काढून ग्रीस लावतात. एरवी वेळ असतो कोणाला!

मी म्हटलं, "प्रकाश, नवं काम कुठे आहे? हे झाडलोटीचं काम आहे. ते अमावास्येलाच करतात."

वैशाली एवढी हसली! प्रकाश म्हणाला, "निदान नारळ तरी फोडा."

नारळ मीच फोडला. सर्व्हर अमेरिकेत, मग फोडायचा कुठे? मकरंद म्हणाला, तार इथूनच जाते, मोडेमसमोर फोडा. पहिल्याच दणक्याला नारळ दुभंगला, आणि पाणी उडालं ते थेट मोडेमवर! चर्र झालं आणि त्यावरचे सगळे दिवे गेले.

प्रकाशने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत मला अमावास्या दिसली!

वैशाली मात्र थांबली नाही. पर्स घेतली, मकरंदला उठवलं, कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन बसली. मी मागून डबा घेऊन गेले. तिकडे अमेरिकेत कंपनीचा ब्रायन नावाचा मुलगा बोलायला होता, म्हणजे लिहून बोलायला. त्याने विचारलं, आठवड्याच्या मधल्या वारी दिवसभर साईट बंद ठेवायला तुम्हाला कशी परवडते? मकरंदने लिहिलं, आज आमच्याकडे चंद्र नाही.

मग ब्रायनने लिहिलं, "वाईट वाटलं ऐकून. लवकर परत येवो."

संध्याकाळी सगळं सामान पोचलं.

* * *

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आवक दुप्पट असते. तुंबलेला सगळा कांदा एकदम येतो. ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत.

नवं मोडेम आलं होतं. वैशाली स्क्रीनसमोर. मकरंद तिच्या मागे उभा, त्याला बसवेना. प्रकाश कामावर जायचा तो गेला नाही, दारात चपला घालून तसाच उभा. मी देवासमोर नाही बसले. म्हटलं, जे काय व्हायचं ते डोळ्यांनी बघू.

दहा वाजले.

पहिला भाव आला. दुसरा. मग एकदम पोळ्याला दगड मारल्यासारखे आकडे! मकरंद ओरडला, "आले! सगळे आले!" फोटो एकामागून एक उघडायला लागले, कापलेला कांदा, त्याच्या एकेक पाकळीसकट! मी म्हटलं, "बटाटा नाही दिसत!" कोणी हसलं नाही, सगळे डोळे फाडून बघत होते.

तेवढ्यात ब्रायनचं आलं, घाबरलेलं. तुमच्यावर मोठा हल्ला होतोय का? मी काही बंद करू का?

"नको!" वैशाली एवढ्याने ओरडली की अमेरिकेला तसंच ऐकू गेलं असेल. मकरंदने लिहिलं, हल्ला नाही, चंद्र परत आला!

नानाचा फोन. मी स्पीकर लावायला शिकले होते, लावला. मागे लिलावाचा गलका, आणि नानाचा आवाज त्याच्याही वर, "अक्का! साईट चालू, मार्केट चालू! दोन्ही चालू शेतस!"

प्रकाशने चपला काढल्या आणि आत येऊन बसला.

फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. पुण्याची कंपनी. साहेब फार अदबीने म्हणाले, "वैशालीताई आहेत का? आज जॉइनिंगचं नक्की कळवणार होत्या."

मी फोनवर हात ठेवून विचारलं, "पुणेवाले आहेत. काय सांगू?"

वैशालीने स्क्रीनवरून मान वळवली नाही. "मार्केट चालू आहे म्हणावं."

मी तसंच सांगितलं. "साहेब, आत्ता मार्केट चालू आहे. ती उठणार नाही. अमावास्येला फोन करा!"

"कधी?"

"अमावास्येला!" मी म्हटलं आणि ठेवून दिला. वैशाली प्रकाशला म्हणाली, "बदली नको म्हणून सांग हो कारखान्यात."

* * *

आणि बरोब्बर पुढच्या अमावास्येला, सकाळी, फोन वाजला! ऑफिसात शांतता, मकरंद सुट्टीवर, वैशाली चिन्नूची वेणी घालत होती. मी उचलला.

"काकू, मी पुण्याहून. आज मार्केट बंद आहे ना?"

"बंद आहे. पण साहेब, ती काही येत नाही हं पुण्याला."

"नाही, नाही, ते राहू द्या." साहेबांचा आवाज अगदी खाली आलेला. "आमचीच साईट काल सकाळपासून बंद पडली आहे. म्हटलं, ताईंना विचारावं... तुमचा सर्व्हर असतो तरी कुठे?"

मी वैशालीकडे बघितलं. तिच्या हातात वेणी, तोंडात रिबीन.

"साहेब," मी म्हटलं, "आता द्वारकेच्या सिग्नलला नसतो, एवढं मी नक्की सांगते!"